घसे खवखवले आणि मी बेकार झालो

मी समीक्षाचा रिंग लाइट बोलतोय. हसू नका. मी गोल आहे आणि मधे रिकामा आहे, हे भिसेगावातल्या अर्ध्या लोकांनी मला तोंडावर सांगून झालंय.

माझा जन्म कुठं झाला देव जाणे, खोक्यावर सगळं चिनीत लिहिलंय. कर्जतच्या बाजारात मोबाईलच्या कव्हरांशेजारी लटकत होतो, तिथून समीक्षानं उचललं. घरी आलो तर तिचे बाबा, राजेशराव, म्हणाले, "ह्यो कसला गं दिवा? आरती करायची का याच्यात?"

पोरीला स्वयंपाकाचे व्हिडिओ करून कमवायचं होतं. बाबांनी मात्र रसायनीच्या एका कंपनीत पॅकिंगच्या कामासाठी शब्द टाकून ठेवलेला. "जून संपेपर्यंत काय ते कर. नाय जमलं तर गपगुमान कंपनीत जायचं," असं ठरलं. तिला ती कंपनी मनापासून नको होती. जून जवळ आला तशी ती जेवेनाशी झाली.

आई सुनंदा रांधायची, समीक्षा "हॅलो फ्रेंड्स" करत बोलायची आणि मी असा उजेड पाडायचो की सुनंदाबाई स्वतःच्या लग्नातल्यापेक्षा गोऱ्या दिसायच्या. बघणारे कोण? मामा, मावशी, आणि दुसऱ्या नंबरवरून परत मामा.

मग शेवळं आली. ही रानभाजी घशाला भयंकर खाजते, म्हणून तिच्यात काकडाच्या आंबट फळांचा रस घालतात. वाडीवरून रानभाज्या विकायला येणारी भागी शेवळांच्या जुडीबरोबर काकडं देतेच. इकडं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. सुनंदाबाईंनी मोबाईल लावायच्या आधीच रस घालून टाकला होता. व्हिडिओत काकडाचं नाव कुणीच काढलं नाही. काढायचं असतं, हे डोक्यातच आलं नाही.

आणि नेमका तोच व्हिडिओ चालला! डोंबिवली, पनवेल, ठाणे, सगळीकडच्या बायांनी शेवळं शिजवली. दुसऱ्या दिवशी शिव्यांचा पाऊस. एकीनं लिहिलं, "सासूबाईंचा घसा बसला, बोलताच येत नाही." खाली दुसरीनं विचारलं, "भाजी कुठं मिळेल?"

समीक्षा काही हसली नाही. "बाबा, सांगा कंपनीत. सोमवारपासून येते," म्हणाली आणि सगळे व्हिडिओ पुसायला बसली.

"थांब गं!" सुनंदाबाई चुलीपुढून उठल्या. "लाव तो मोबाईल."

मला वाटलं, आता मला पेटवतील. कुणी ढुंकूनही बघितलं नाही. मागं दोरीवर राजेशरावांची बनियन, अंधारात अर्धं तोंड, आणि बाई सुरू झाल्या.

"आगं बायांनो, काकडांबिगर शेवळं खातं का कोण? भाजीत मीठ टाका, ह्ये पण सांगू का? पण चूक आमचीच हाय, सांगाया पायजे होतं. कोकमाचं पाणी प्या, बरं वाटंल. आनि आता घ्याल तर आमच्याकडनं घ्या. जुडीला काकडं बांधून देते."

हा व्हिडिओ वणव्यासारखा पसरला. लोक म्हणे, "किती खरं वाटतं!" म्हणजे मी आजवर काय खोटं दाखवत होतो? मेहनत माझी, कौतुक बनियनीचं!

व्हिडिओनं स्वतः दमडी दिली नाही, दिली ती भाजीनं. पण गिऱ्हाईक व्हिडिओनंच आणलं, हे मला जळत का होईना मान्य करावं लागतं. शेवळं सरली, आता टाकळ्याची भाजी जातेय. भागी आणते, समीक्षा ऑर्डरी घेते, टेंपो भरून माल निघतो. घरात आता कंपनीचं नावही कुणी काढत नाही.

मी हल्ली मोरीत टांगलेला असतो. कुणाला हवा असेल तर घेऊन जा, फुकट येईन. फक्त माझ्या भरवशावर नोकरी सोडू नका, मी नुसता उजेड पाडतो. जाता जाता परवाचं तेवढं ऐका.

खालापूरचे पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, "पोरगी काय करते?"

राजेशराव टाकळ्याच्या जुड्या बांधत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "धंदा हाय तिचा. मी तिच्याकडंच कामाला असतो."

आतून समीक्षा ओरडली, "बाबा, जुडी सैल बांधताय!"

"बांधतो गं, बांधतो," राजेशराव म्हणाले आणि पाहुण्यांसमोर जुडी सोडून परत बांधायला लागले.