शिंप्याच्या पोटाची मी केलेली थट्टा

मी ब्रश बोलतोय. दात घासायचा. केस पिंजारलेले, दांड्याचा रंग उडालेला. वय तीन वर्षं, म्हणजे आमच्यात पणजोबाच. शिक्षण म्हणाल तर लोक तोंडातल्या तोंडात जे पुटपुटतात, तेवढंच.

माझा मालक शिंपी. देह असा, की त्याच्या एका विजारीत दोन गिऱ्हाइकं उभी राहतील. बायको त्याला लाडानं ‘ताग्या’ म्हणायची, कापडाचा अख्खा तागाच जणू. ती त्याच्याच दुकानात काजं-बटणं करायची. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली.

मला एक खोड होती. घासता घासता मी जिभेच्या मुळाशी जायचो आणि खाली हाक मारायचो. खाली पोट राहतं. ते गुरगुरायचं, “कोण रे?” मी पळून यायचो. तुम्हाला वाटतं भूक लागली. भूक कसली, आमच्या गप्पा चालायच्या.

मग ताग्याचे गुडघे बोलायला लागले, साखर चढली, आणि डॉक्टरीणबाईंनी वजनासाठी पोट लहान करायचं ठरवलं. ऑपरेशनच्या दिवशी सकाळी त्याने माझ्यावर पुदिन्याची पेस्ट लावली, दात घासले, चूळ थुंकली. पाण्याचा थेंब गिळायचा नव्हता. पोटाला शेवटचा भेटला तो पुदिन्याचा वास. पुढे सुरी.

चौथ्या दिवशी तो घरी आला. मी तोंडात शिरलो, सवयीने हाक मारली. गुरगुर नाही. मग फार खालून, कपाटात कोंडलेल्या पोराने बोलावं तसा बारीक आवाज आला.

“बाकीचा मी कुठे गेलो?”

माझे केस उभे राहिले. तसे ते उभेच असतात, पण त्या दिवशी मनापासून राहिले. तरी जीभ आवरेल तो मी कसला? म्हटलं, “कापून नेला. आता पुदिना आला, की समज उरलेल्यालाही न्यायला आलेत.”

गंमत केली हो. पण त्याला ते खरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासून फेस तोंडात गेला, की पोट पिळवटून वर धावायचं. ताग्या बेसिनला धरून ओकाऱ्या काढायचा. बाहेर काही येत नसे, आत काही नव्हतंच. हॉस्पिटलातल्या नर्सबाईंनी फोनवर बजावलं, की सारख्या ओकाऱ्यांचा आतल्या टाक्यांवर ताण येतो, असं होऊ देऊ नका. हे शिंप्याला वेगळं सांगायला नको. ताज्या शिवणीला हिसका बसला की आधी एक टाका जातो, मग रांगच.

म्हणून त्याने लबाडी सुरू केली. बायकोची पद्धत होती, रोज सकाळी अंगठ्याने माझे केस चाचपायचे. ओला म्हणजे दात घासले. ताग्या मला नुसता नळाखाली धरायचा आणि पेल्यात ठेवून द्यायचा. दोन आठवडे मी रोज भिजलो, दाताला लागलो नाही. त्याच्या हिरड्या सुजल्या, थुंकीत रक्त यायला लागलं. तो मात्र मशीनवर बसून स्वतःच्याच सैल झालेल्या विजारी आत घेत होता.

दुपारी मशीन थांबलं, की मला पेल्यात ऐकू यायचं. भिंतीपलीकडून, पोटाचा तोच बारीक आवाज. “आले का?” ताग्याही मान वर करून दाराकडे बघायचा, असं बायको म्हणायची. दारात कोणी नसायचं.

एके सकाळी तिने मला नाकाला लावलं.

“अहो, हा रोज नुसती आंघोळच करतो का?”

तो बराच वेळ सुईत दोरा ओवत बसला. “अगं, पुदिन्याचा वास आला की आत कोणीतरी घाबरतं. मी नव्हे. दुसरंच कोणीतरी.”

ती हसली नाही. डॉक्टरीणबाईंना विचारून आली. त्या म्हणाल्या, असं पुष्कळांचं होतं. बिनवासाची पेस्ट घ्या, कणभरच लावा, ब्रश छोटा घ्या, मान खाली ठेवा. तिने लहान मुलांचा, दांड्यावर बदक असलेला ब्रश आणला. मी पेल्यातून बघत राहिलो.

बदक आत गेलं. खालून आलंच, “कोण आलं?” ताग्याला ओकारी आली, त्याने बेसिन धरलं. मी ओरडलो, की अरे, ती थट्टा होती. पण थट्टेखोराचं खरं कोण ऐकतो?

तेव्हा ताग्याने पोटावर हात ठेवला. कापड बिघडेल म्हणून धास्तावलेल्या गिऱ्हाइकाशी बोलतो, तसा हळू बोलला.

“घाबरू नकोस. कापायचं ते कापून झालंय. आता नुसती शिवण धरायची आहे.”

नळ ठिबकत होता. मग खालून आलं, “नक्की?”

“नक्की,” तो म्हणाला, आणि सगळे दात घासले.

बायकोने दारातून विचारलं, कोणाशी बोलताय? म्हणाला, गिऱ्हाइकाशी.

आता मी मशीनच्या खणात असतो. सुईखालच्या दात्यांत अडकलेला कापडाचा भुगा काढतो. खाली बोलावं असं इथे कोणी नाही, तेच बरं. जाता जाता एवढंच सांगतो. थट्टा करा, माझ्यासारखी मरेपर्यंत करा. पण जो अंधारात एकटा बसलाय, त्याची करू नका. त्याला दिसत नाही, की तुम्ही हसताय.