सोळा नंबरची टोपी

"चाचा, परत शिटीच वाजतेय हो!" सुचित्रा म्हणाली.

एक लांब, दोन आखूड. पडदा काळाच. अब्दुर्रहमानने बटण बंद केलं आणि घाम नसताना कपाळ पुसलं.

नावड्यातलं त्याचं दुकान म्हणजे घराच्या पडवीला लावलेलं शटर. आधी रेडिओ, मग टीव्ही आणि सत्त्याण्णव साल उजाडेपर्यंत संगणक. सुचित्रा खांदेश्वरला संगणकावर लग्नपत्रिकांचा मजकूर छपाईसाठी जुळवायची. तिच्या जुन्या संगणकात चित्र दाखवणारी चिप बोर्डावरच होती. ती अडखळू लागली म्हणून तिने नवं ग्राफिक्स कार्ड आणलं होतं. त्या काळी संगणक आपणहून काही समजून घेत नसे. नवं कार्ड बसवायचं तर बोर्डावरची चिप आधी बंद करावी लागे, नाहीतर दोघं एकाच कामाला धावत आणि पडद्यावर काहीच येत नसे. बंद करायचं म्हणजे दोन सुयांवरची तांदळाएवढी प्लॅस्टिकची टोपी काढायची. या बोर्डावर सोळा नंबरची, बाजूला बारीक 'JP16' छापलेली. अब्दुर्रहमानला ते तोंडपाठ होतं. पण वर्षभरात सोळा आणि अठरा त्याला भिंगाखालीही सारखेच दिसू लागले होते. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं.

"आज होत नसेल तर सांगा, वाशीला नेते," सुचित्रा म्हणाली. बाई बोलकी. तिच्यासमोर हात चुकला असता तर पनवेलपर्यंत कुणी त्याच्याकडे संगणक आणला नसता.

सबिहा चहा घेऊन आली. नवऱ्याचं बोट बोर्डावर चाचपडताना तिने क्षणभर पाहिलं.

"मुआजचे अब्बा, माजा धडा घ्या ना."

"आता? गिऱ्हाईक हाय समोर."

"ताई काय परकी हाय? नातीसंगं एबीसीडी शिकते मी. घरात कोन विचारतच नाय." ती बोर्डावर वाकलीसुद्धा. "जे. पी. एक... सहा. सोला!"

"चाची, फर्स्ट क्लास!" सुचित्रा हसली.

अब्दुर्रहमानने भिंग खाली ठेवलं. मग त्याने विचारलं, "आणि पलीकडची?"

"जे, पी, अठरा. हिला टोपीच नाय."

"बरोबर," तो मास्तरच्या आवाजात म्हणाला. "आता सोळावर बोट ठेव. हलवू नको."

तिच्या हळदीने पिवळ्या झालेल्या नखाशी त्याने चिमटा नेला. सोळाची टोपी उचलली, पण फेकली नाही. एकाच सुईवर अडकवून ठेवली. पुढे कुणाला जुनी चिप लावायची झालीच तर शोधाशोध नको, ही त्याची नेहमीची रीत. मघाशी सोळा समजून चुकून काढलेली टोपी सबिहाने दाखवलेल्या अठरावर परत बसवली.

बटण दाबलं. एकच बारीक शिटी वाजली आणि काळ्या पडद्यावर पांढरे आकडे धावू लागले.

"तुमी असताना वाशीला कोण जातंय, चाचा! आणि चाचीला पण शिकवून ठेवलंत हां."

"कच्ची हाय अजून," सबिहा म्हणाली.

सुचित्राची रिक्षा वळली तसा अब्दुर्रहमान सबिहाकडे वळला.

"कधीपासून ठाऊक हाय तुला?"

"काय?" सबिहाने कप पुढे केला. "चहा प्या, निवला."

दुसऱ्या दिवशी शटर उघडल्यावर त्याने आपलं स्टूल आत भिंतीकडे सरकवलं. सबिहासाठी घरातली खुर्ची आणून दाराच्या उजेडात ठेवली, आणि हातातल्या फडक्याने तिची बैठक पुसून घेतली.