भरलेला तांब्या

चौदा इंजेक्शनं, तीही पोटात, आणि मध्ये एकही दिवस चुकवायचा नाही, असं दिग्रसच्या दवाखान्यात सांगितलं तेव्हा लालीबाईनं नुसती मान हलवली होती. आज अकरावा दिवस. रोज उठून नवऱ्याला घेऊन तांड्यापासून सडकेपर्यंत तीन मैल चालायचं, एस.टी.ची वाट पाहायची, दवाखान्याच्या ओट्यावर बसून राहायचं आणि दिवस कलताना परत फिरायचं. तिचे पाय आता तिला न विचारताच चालत.

तिच्या नवऱ्याला, डोंगरसिंगाला, चावलेलं कुत्रं परकं नव्हतं. तांड्यातलंच, त्याच्या हातची भाकर खाणारं. पोटरीला चावलं आणि रानात गेलं, ते पुन्हा कोणाला दिसलं नाही. पिसाळलेलं होतं की नव्हतं, कोण सांगणार? म्हातारे एवढंच म्हणत, ज्याला ते विष चढतं त्याला पाण्याची भीती बसते. पाणी घशाखाली उतरत नाही, आणि मग तो माणूस हाती लागत नाही.

लालीबाईचा नेम जुना होता. आंघोळ करून सेवालाल महाराजांच्या पाटापुढे दिवा लावायचा, निखाऱ्यावर तूपगुळाचा भोग द्यायचा, मग घरातलं पहिलं काम. वर महिन्याचे उपास होतेच. "देवाले एखाद्या दिवशी सुट्टी देत जा वो," असं डोंगरसिंग तिला चिडवायचा. पण भोगाच्या वेळची अरदास, देवाला घालायची विनवणी, पुरुषानं म्हणायची ही तांड्याची रीत. लग्नाला बावीस वर्षं झाली. तो म्हणायचा आणि ती पदर पसरून मागे उभी राहायची. कुत्रं चावल्यापासून मात्र तो गप्प झाला होता. "मले शब्द आठवत नाही," म्हणाला. मग तीच मनातल्या मनात म्हणे, जमेल तशी, आणि दिवसातून एकदाच जेवे.

दिवा झाला की ती तांब्याभर पाणी त्याच्या हातात देई आणि त्याच्या गळ्याकडे पाहत उभी राही. गळ्याची घाटी खालीवर झाली की तिचा श्वास सुटे. तेवढ्यावर तिचा दिवस निघे.

आज त्यानं तांब्या घेतला, त्यात क्षणभर पाहिलं आणि तसाच खाली ठेवला.

"आज नको."

"काहून?"

"चाल, गाडी निघून जाईन."

चुलीपाशी सासू बसली होती, बिजलीबाई. लालीबाई तिला याडी म्हणे, म्हणजे आई.

"याडी, यायनं पाणी नाही घेतलं."

"थंडीचे दिवस हाय, पोरी. तहान नसन लागली," म्हातारी म्हणाली. पण तिनं मान वर केली नाही.

वाटेत नाला लागला. रोज तिथं तो तोंड धुवायचा, आज दगडांवरून सरळ पार झाला. सडकेवरच्या हॉटेलात तिनं चहा सांगितला, तर त्यानं कप तिच्याकडे सरकवला. तिलाही तो पिववला नाही. एस.टी.त खिडकीशी बसून तिनं अरदास म्हणायला घेतली. "सेवालाल बापू" म्हणाली आणि पुढे काही येईना. दहा दिवस तिनं देवाशी किती बोलून घेतलं होतं. आता राग नव्हता, रडू नव्हतं. डोक्यावरचा भारा उतरवून ठेवावा आणि कोणी तो उचलून पुन्हा डोक्यावर द्यावा, तसं झालं होतं. ती नुसती बापू, बापू करत राहिली.

दवाखान्यातले कंपाउंडर विठ्ठलराव जिभेचे तिखट आणि हाताचे हलके.

"या डोंगरसिंग. पोटावर जागा ठेवली का आमच्यासाठी?"

लालीबाई पुढे झाली. "भाऊ," ती अगदी हळू म्हणाली, "सकाळपासून पाण्याले शिवले नाही हे."

विठ्ठलरावांचा हात थांबला. त्यांनी मडक्यातून पेला भरून पुढे धरला. "घ्या बरं."

डोंगरसिंग खाली पाहू लागला. "आज नाही जमत जी."

"घसा आवळते?"

"नाही. उपास हाय. बिनपाण्याचा. सांजचा दिवा लागला का सोडतो."

विठ्ठलरावांनी पेला खाली ठेवला आणि कपाळाचा घाम पुसला. "अरे बाप्पा. सांगून तरी करत जा. आज मलेच इंजेक्शन घ्या लागलं असतं."



इंजेक्शन झाल्यावर दोघं बाहेर कडुलिंबाखाली आली.

"सांगाले काय झालं होतं?" तिनं विचारलं.

"सांगितलं असतं तर करू दिलं असतं तू?" त्यानं पोटावर हात दाबून धरला होता. "तू रोज माया गळ्याकडं पाहतं, लाली. दिवा लावतं, हात जोडतं, अन् मंग मलेच तपासतं. पाणी पेतो तं वाटते परीक्षा देऊन राह्यलो. तुये डोळे पाहूनच माया जिवात भेव शिरलं. म्हटलं, एक दिवस तांब्याले हातच नाही लावायचा. देवाच्या भरवशावर काढून पाहायचा."

सकाळी देवाच्या हाती दिलेला हा जीव आपण तांब्याभर पाण्यात रोज परत मागून घेत होतो, हे तिला कळत होतं. पण ते बोलायचंही त्राण तिच्यात नव्हतं. "गाडी लागली," एवढंच म्हणाली.

सांजेला तिनं दिवा लावला, निखाऱ्यावर भोग घातला. डोंगरसिंगानं घसा खाकरला आणि अरदास म्हणू लागला. अडखळत, मध्येच विसरत, तेच शब्द दोनदा घेत. ती मागे पदर पसरून उभी होती.

मग तिनं तांब्या भरून त्याच्या हातात दिला. सवयीनं नजर गळ्याकडे गेलीच. तिनं ती काढून घेतली, पाठ फिरवली आणि चुलीपाशी जाऊन पीठ मळायला घेतलं.

"पाह्य ना वो, पेते का तो," बिजलीबाई कुजबुजली.

"तुमाले पाहायचं असन तं पाहा, याडी. मले नका सांगू."

तिनं पहिला गोळा हातावर घेतला. अजून तीन इंजेक्शनं बाकी होती. भाकरीवर थापा पडू लागल्या, एकामागून एक, आणि मागचं काही तिला ऐकू येईना.