ज्योतिबाचा टाक

नारायणगावात संयम ओसवाल वकिलांच्या तोंडाला कुलूप असतं, असं लोक म्हणायचे. वकिलीत हे कौतुकच. अशिलाचं गुपित म्हणजे त्याची ठेव, अशील मेला तरी ती उघडायची नाही. संयमनं हा नियम जिवापाड पाळला, आणि आता तोच त्याच्या मानगुटीवर बसला होता.

पेठच्या बानूबाईचा धाकटा मुलगा ज्योतिबा दोन वर्षांपूर्वी नाहीसा झाला. पोलिसांनी थोरल्या गोरक्षला चौकशीला बोलावलं, तेव्हा त्यानं संयमच्या ऑफिसात दार लावून सगळं ओकलं. बांधावरचं भांडण, डोक्यात घातलेली कुऱ्हाड, माळावरची पडकी विहीर. पुरावा सापडला नाही. गोरक्ष सुटला आणि यंदा हायवेवर ट्रकखाली गेला. आता ती विहीर ठाऊक असलेला एकटा संयमच उरला.

त्याला पाणी गोड लागेना. तांब्यात डोकावलं की खालून कुणीतरी वर बघतंय असं वाटे.

बाजाराच्या दिवशी बानूबाई आली. पदराच्या गाठीत चांदी होती.

"वकीलभाऊ, दिवस मावळला की आमचं कुत्रं दाराकडं बघून रडतंय. ज्योतिबा मेला असंल तर त्याचा चांदीचा टाक करून देवात बसवते, म्हंजे लेकरू भटकायचं न्हाई. पर जित्त्याचा टाक केला तर मीच त्याला मारल्यावानी व्हईल. गोरक्ष तुमच्यापाशी बोलला असंल. करू का नको, येवढंच सांगा."

'करा' एवढंच म्हणायचं होतं. पण तेवढ्यानंही गोरक्षची ठेव फुटली असती. संयमच्या नाकात शेवाळाचा वास आला.

"मावशी, मला सांगता येत नाही. कायदाच आहे तसा."

 बानूबाईचा चेहरा एकदम उजळला.

"म्हंजे जित्ता हाय!"

"मी तसं म्हणालो नाही, मावशी..."

"आवं, मेला असता तर सांगितलंच असतं तुमी. आईपासनं लेकराचं मरण लपवा म्हणणारा कायदा कुटं असतो व्हय?"

तिनं त्याच्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली आणि ती शेजारच्या सोनाराकडे गेली. भिंतीपलीकडून तिचा आवाज येत होता. "टाक नगं, बाबा. कडं घडव. ज्योतिबा आला की त्याच्या हातात घालीन."

थोड्याच वेळात ती सोनाराची दोरी घेऊन पुन्हा दारात उभी राहिली.

"भाऊ, जरा मनगट द्या. माप पायजे. ज्योतिबा तुमच्याच अंगलटीचा हाय."

संयमनं हात पुढं केला.