नवऱ्याच्या होडीचे मासे

पहाटे तो उठे तेव्हा तीही जागीच असे, पण डोळे मिटून पडून राही. आधी दाराची कडी वाजे, मग वल्ह्यांचा खडखडाट, मग वाळूवरून होडी ढकलताना होणारी खरखर. खरखर थांबली की ती चूल पेटवी. उन्हं छपरावर आली की तो परते, टोपली तिच्या हाती देई आणि ओला सदरा दोरीवर टाकी. टोपलीच्या तळाशी बोटभर लांबीचे मूठभर मासे असत.

"आज पाणी गढूळ होतं," तो म्हणे. नाहीतर, "वारा पडला." समुद्रात मासाच उरला नाही, हे मात्र त्याच्या तोंडून कधी आले नाही.

टोपली घेऊन ती निघे, ती बाजारात नव्हे, तर बर्फाच्या कारखान्यामागे. तिथे दूरच्या बंदरातून आलेला ट्रक उभा असे. नवऱ्याच्या माशांकडे बाजारात कोणी ढुंकूनही पाहत नसे. ते ती भिंतीकडेच्या मांजरांपुढे ओती आणि टोपलीत ट्रकमधले बांगडे भरून घेई.

"लाजतेस काय, वहिनी?" ड्रायव्हर हसे. "समुद्राकाठी मासा विकत घेणारी तू एकटी थोडीच आहेस? समुद्रानं सगळ्यांनाच ठेंगा दाखवलाय."

रांगेत तिची थोरली जाऊही असे. "माझ्या दिराला कळलं म्हणजे?"

"तुम्ही सांगणार आहात का, जाऊबाई?"

"मी कशाला सांगू, बाई! एक उंबऱ्यावर बसवून ठेवलाय, तेवढा पुरे."

थोरल्या दिराने होडी विकली त्याला बरेच दिवस झाले होते. एकेकाळी त्याची हाक लाटांवरून पलीकडच्या होडीपर्यंत पोचे. आता तो भिंतीकडे तोंड करून बसे. तहान लागली तरी पाणी मागत नसे. ते पाहिल्यापासून घरी आली की ती नवऱ्याला न चुकता सांगे, "सगळे गेले."

"जाणारच," तो ताठ बसून म्हणे. "गिऱ्हाईक काय खुळं असतं? लहान मासाच गोड."

एके दिवशी बाजार लवकर ओसरला आणि दोन बांगडे उरले. चांगले वीतभर मासे टाकून देणे तिच्या जिवावर आले. तिने ते तळले. कोळ्याच्या घरात मासा लपवता येतो, पण वाढता येत नाही, हे तिच्या ध्यानात आले ते त्याने पहिला घास तोंडात घातल्यावर. भिजल्या कापसासारखा तो मासा बोटांतच विरत होता. बर्फात कैक दिवस निजलेला. तो चावायचा थांबला. मग पुन्हा चावू लागला. काटे त्याने ताटाच्या कडेला नीट रचले.

"आज सगळे गेले?" त्याने विचारले.

"हो," ती म्हणाली. "तुमचे सगळे गेले."

"बरं." त्याने दुसरा मासाही संपवला.

दुसऱ्या दिवशी पहाटे कडी वाजली, पण वाळूवरची खरखर ऐकू आली नाही. ती बाहेर धावली. होडी पालथी घातलेली होती, आणि जाळे घडी घालून तिच्याखाली सरकवलेले होते. वल्ही दाराशीच होती. टोपली मात्र नव्हती.

तो कारखान्यामागे होता. ट्रकच्या फळीपाशी वाकून एकेका बांगड्याचे कल्ले उघडून पाहत होता. जाऊने मान फिरवली. ड्रायव्हरलाही त्या दिवशी थट्टा सुचली नाही.

"रोज समोर येईल ते घेतेस," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "ह्याचे कल्ले काळवंडलेत. हा घे. डोळा अजून फुगीर आहे."

"अहो..."

"टोपली धर."

भरलेली टोपली डोक्यावर घेऊन तो पुढे चालू लागला. बाजाराच्या वळणावर थांबून त्याने ती तिच्या डोक्यावर चढवली, आपला कोरडा सदरा चाचपला आणि दोन पावले मागे सरला.

"इथून तू जा. कोणी विचारलं, तर मी अजून समुद्रावर आहे म्हणून सांग."

बाजारात पहिलीच आली ती नेहमीची मास्तरीणबाई. बांगड्याचा डोळा दाबून खूश झाली. "आज माल छान आहे गं! नवऱ्याच्या होडीचा ना?"

"होय, बाई," ती म्हणाली. "त्यांनी स्वतः निवडून दिलेत."