ट्रॉलीतली जागा

"काढ ते आदुगर कम्प्युटरातनं," दादासो म्हणाला आणि त्याने पडद्याकडे असं बोट रोखलं, की आत कुणी बसलं असेल तर त्यानेही ऐकावं.

शिवानीचं तोंड एवढंसं झालं. डिप्लोमाला शिकणारी ही लेक बापाला खूश करायला गेली होती. मैत्रिणीकडून सीडी आणून तिने सर्किट चालवून दाखवणारं सॉफ्टवेअर घातलं, त्यात बापाच्या हातचा अँप्लिफायर जसाच्या तसा मांडला आणि चालू केला. पडद्यावर ट्रान्झिस्टर जळाले. आता हा अँप्लिफायर म्हणजे साधीसुधी चीज नव्हे. तालमीच्या गणपतीची मिरवणूक दरवर्षी त्याच्यावरच वाजायची. उद्यमनगरात विजेच्या मोटारींचं वाइंडिंग करणाऱ्या दादासोला गल्लीत जो काही मान होता, तो त्याच्यामुळेच.

"दरसाली वाजतोय का न्हाई? आन् काल-परवा घरात आलेलं हे डबडं त्याला जळका म्हणतंय."

शिवानीने कॉलेजच्या प्रोजेक्टचं कारण सांगून पाहिलं, पण बाप एकदा हट्टाला पेटला की देवाचंही ऐकत नसे. तिने सॉफ्टवेअर काढलं. काढताना कम्प्युटरने दोनदा विचारून खात्री करून घेतली, ते दादासोला आवडलं. घरात त्याला एवढं तरी कोण विचारत होतं! पण सकाळी बघतो तर पडद्यावर सॉफ्टवेअरचं चित्र तसंच. ती नुसती खूण राहिलीय, असं शिवानीने परोपरीने सांगितलं. पाहुणा गेला म्हणता आणि चपला दारात कशा, असं दादासोचं म्हणणं. त्याने राजारामपुरीतून गैबीला बोलावलं. गैबी त्याचा जुना दोस्त, कम्प्युटर जोडून द्यायचा. दोस्ताच्या शब्दाखातर त्याने मशीन असं धुऊन काढलं, की सॉफ्टवेअर तर गेलंच, पण आक्काचा पत्त्यांचा खेळही गेला.

आक्का म्हणजे दादासोची बायको. दुपारची भांडी झाली की ती कम्प्युटरवर पत्ते लावत बसायची. त्या दिवशी तिने आकांडतांडव केलं नाही. ताटात नुसती भाकरी वाढली, कालवण नाही. दुसऱ्या दिवशीही तेच. खेळ आला की कोरड्यास येईल, एवढंच म्हणाली.

गैबीला पुन्हा यावं लागलं. सगळं परत घालता घालता त्याने शिवानीची सीडीही घालून टाकली आणि हात जोडले. "आता काढ म्हणू नका, दादासो. मलाबी घरदार हाय."

शिवानीने मग बापाच्या माघारी पडद्यावरच्या त्या सर्किटात दोन रेझिस्टर घातले. ट्रान्झिस्टर जळेनात. रात्री दादासोला कोरड्यासाशी भाकरी खाताना बघून तिने त्या दोन रेझिस्टरांचा विषय काढला.

"आबा, खरं सांगा. मिरवणुकीत जळत्यात न्हवं?"

दादासोने घास गिळला. "जळत्यात की. म्हणून तर खिशात जादा घिऊन गणपतीमागं ट्रॉलीत बसतोय. जळायचंच बंद झालं तर मला कोण बसवंल?"

शिवानीला भरून आलं. ती उठली आणि सॉफ्टवेअर काढायला बसली. दादासोने खरकट्या हाताने लांबूनच तिला थांबवलं. "ऱ्हाऊ दे. तुझं खरं हाय. रेझिस्टरांना सोल्डरचा डाग तेवढा मी देतो."

अनंत चतुर्दशीला अँप्लिफायर दणक्यात वाजला. दादासो चौकाचौकात त्याला हात लावून बघत होता. गारच. लेकीचा अभिमान वाटत होता, पण खिशातले जादा ट्रान्झिस्टर चाचपणंही सुटत नव्हतं. महाद्वार रोडला मंडळाचे अध्यक्ष ट्रॉलीपाशी आले. अदबीनेच म्हणाले, "दादासो, काम न्हाई तर जरा उतरा की. डिझेलचा क्यान ठेवायचाय."

तो उतरला. शिवानीने त्याला गर्दीतून वाट काढत ट्रॉलीच्या पुढे नेलं. इतकी वर्षं मिरवणुकीत अँप्लिफायरजवळ बसून त्याने गणपतीची पाठच पाहिली होती. आता गुलालात न्हालेली मूर्ती समोरून डुलत येत होती. दादासोने टोपी काढली, हात जोडले आणि बराच वेळ बघत राहिला.

"दरसाली असाच दिसतोय व्हय?" त्याने लेकीला विचारलं.