मांडायची राहिलेली खुर्ची

"घरी?" नणंद फोनवर म्हणाली. एवढंच म्हणाली, पण त्या एका शब्दात तिने भाचीची पदवी, भावाची परिस्थिती आणि भावजयीची अक्कल असं सगळं तोलून बाजूला ठेवलं. छोटीच्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने फोन कानापासून जरा लांब धरला, श्वास घेतला आणि म्हणाली, "हो ताई, घरी. आमचं घर आहे ना, म्हणून घरी."

"अगं पण माणसं बसायची कुठे? अंथरूण पाहून पाय पसरावेत ते खरं, पण पाय पसरायलाही जागा लागतेच की."

माणसं बसायची कुठे, हे तिला विचारायचं म्हणजे माशाला पोहायला शिकवायचं. छोटीची आई समारंभाच्या हॉलमध्ये कामाला होती. खुर्च्यांना कव्हरं चढवायची, मागे रिबिनीची गाठ मारायची, टेबलं लावायची, प्रत्येक ग्लास पुसून उजेडात धरून बघायचा. लोकांची लग्नं, लोकांचे वाढदिवस, लोकांच्या पोरांच्या पदव्या. छोटी कॉलेजात गेल्यापासून तीसुद्धा शनिवार-रविवार तिथेच ट्रे घेऊन फिरायची; तिची फी त्या ट्रेवर निघाली होती. आणि आता छोटी पदवीधर झाली होती, सासर-माहेर दोन्हीकडची पहिली. निदान एक दिवस तिचा असावा, सगळ्यांनी तिच्याकडे बघावं, एवढाच आईचा हट्ट होता. त्यातही नाक मुरडायला लोक तयार.

हॉलमध्ये तिने आधी विचारून पाहिलं नव्हतं असं नाही. मॅनेजर गोड हसला होता. "तुम्ही तर आपल्याच," तो म्हणाला, "तुम्हाला सवलत देऊ." सवलत काय, तर मागची खोली, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी, आणि आदल्या दिवशीच्या समारंभात उरलेलं जेवण गरम करून. "वाया जाण्यापेक्षा बरं ना?" मांडामांड आणि वाढप अर्थातच त्यांचं त्यांनी करायचं, त्यांना काय शिकवायचं. इतक्या वर्षांत तिने एक ग्लास डागाळलेला ठेवला नव्हता, आणि तिच्या लेकीच्या वाट्याला शिळं. नोकरी त्याच्या हातात होती म्हणून ती गप्प बसली. पण बाहेर येऊन तिने कव्हरांच्या गठ्ठ्याला अशी काही लाथ घातली की हॉलचा धोबी म्हणाला, "बाई, त्याने काय घोडं मारलंय तुमचं?"

तेव्हापासून तिच्या अंगात संचारलंच. शेंडी तुटो की पारंबी, कार्यक्रम घरी होणार, खिशाला परवडेल असाच होणार, आणि असा होणार की हॉलने तोंडात बोट घालावं.

नवरा टायरच्या दुकानात कामाला, तोंडात शब्द मोजून तीन. "होईल," तो म्हणाला, आणि दुकानातून ऑइलची रिकामी पिंपं घासून-पुसून घेऊन आला. त्यांच्यावर फळ्या टाकल्या, फळ्यांवर चादर, झालं टेबल. पलंग खोलून गॅलरीत उभा केला. शेजारच्या न्हाव्याने दुकानातला बाक दिला, वरच्या मजल्यावरच्या शिकवणीच्या बाईंनी प्लास्टिकच्या खुर्च्या दिल्या, कोणाची तरी गोल फिरणारी ऑफिसची खुर्ची जिन्याखालून मिळाली; तिचं एक चाक गायब होतं, तिथे नवऱ्याने रबराचा तुकडा ठोकला. सगळ्यांवर जुन्या चादरींची कव्हरं चढली, मागे साडीच्या काठाच्या गाठी आल्या. न्हावी बघायला आला तर त्याला स्वतःचा बाक ओळखू येईना.

"कोणाकोणाला बोलावलंय ते एकदा सांग," आईने विचारलं, आणि छोटी एकेक नाव घेत गेली तशी ती बोटाने हवेत खुर्च्या मांडत गेली. ताई इथे, त्यांचे यजमान पंख्याखाली, शिकवणीच्या बाई खिडकीपाशी, छोटीच्या मैत्रिणी बाकावर, न्हावी आणि त्याची बायको दाराजवळ. ज्याला त्याला हवा, ज्याला त्याला टेकायला पाठ. इंचभर जागा वाया गेली नाही. नवऱ्यासाठी तर तिने स्वतःहून खुर्ची ठेवली, यजमान म्हणून. जेवणही बेताचं पण पोटभर: भात, दोन भाज्या, कापलेली फळं, आणि शिकवणीच्या बाईंनी स्वतः भाजलेला केक.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी नणंद आली. तिने आधी टेबलाची चादर दोन बोटांत धरून पाहिली, मग खाली वाकून पिंपं पाहिली, मग भावजयीकडे पाहिलं. "छान केलंयस गं," ती म्हणाली, "अगदी हॉलसारखं." टोमणा असेल म्हणून छोटीच्या आईने उत्तर तयार ठेवलं होतं, पण तो टोमणा नव्हता. तिला उगीचच चुकल्यासारखं वाटलं. नणंदेचे यजमान, ज्यांना ती भाऊजी म्हणायची, ते मात्र सरळ पंख्याखाली जाऊन बसले आणि लगेच आपल्या गाडीविषयी बोलू लागले.

सगळे बसले. खोली भरली. छोटीने नवा निळा ड्रेस घातला होता. आईने ताटं भरायला घेतली आणि छोटीने ट्रे उचलला. दोघी एकमेकींना काही बोलल्याही नाहीत. छोटी पाहुण्यांच्या मागून, उजव्या बाजूने जायची, ग्लास अलगद ठेवायची आणि एक पाऊल मागे सरायची. कोणाचा हात लागला नाही, थेंब सांडला नाही. मैत्रिणी तिला हाका मारत होत्या, ती "आले, आले" म्हणत पुढच्या माणसाकडे वळत होती. आई स्वयंपाकघराच्या दारातून बघत होती आणि तिला चक्क समाधान वाटत होतं. किती व्यवस्थित चाललं आहे सगळं.

तेवढ्यात भाऊजींनी रिकामा ग्लास वर धरला. मान वळवली नाही, बोलणंही थांबवलं नाही. नुसता हात वर. छोटी धावली. ग्लास भरला, तसे भाऊजी टेबलाकडे बघून म्हणाले, "पोरगी तयार आहे हो एकदम. नोकरी नाही लागली तरी काळजी नको, हॉल आहेच." दोघेतिघे हसले. छोटीही हसली. हॉलमध्ये कुठल्याही पाहुण्याच्या विनोदाला हसायची तसंच.

ते हसू पाहून आईच्या अंगाचा तिळपापड झाला. हिच्याच पदवीचा केक खाणार, हिनेच भरलेलं पाणी पिणार आणि वर हिलाच तिची पायरी दाखवणार? ती तरातरा बाहेर आली. "छोटे, ठेव तो ट्रे. बस बघू."

"कुठे बसू?" छोटीने सहज विचारलं.

आईने खोलीभर नजर फिरवली. ताई, भाऊजी, शिकवणीच्या बाई, बाकावर खेटून बसलेल्या मैत्रिणी, न्हावी, न्हाव्याची बायको, नवरा. एकही खुर्ची रिकामी नव्हती. कोण जास्तीचं आलं? तिने पुन्हा पाहिलं. जास्तीचं कोणीच आलं नव्हतं. ज्याची त्याची खुर्ची तिनेच मांडली होती आणि जो तो आपापल्या खुर्चीवर होता. हॉलमध्ये खुर्च्या लावताना पाहुणे तेवढे धरायचे, काम करणाऱ्यांना धरायचं नसतं. पाहुणा हॉलमध्ये असेपर्यंत त्यांनी टेकायचं नाही, असा तिथला नियमच होता. तो नियम तिने स्वतःच्या घरात, कोणी न सांगता पाळला होता. ज्या पोरीसाठी एवढा घाट घातला, तिलाच ती विसरली होती.

"असू दे गं आई," छोटी हळूच म्हणाली, "आपण मागाहून बसू ना."

आपण. तो शब्द आईच्या जिव्हारी लागला. राग आता कोणावर काढायचा हेच तिला कळेना. मॅनेजरवर, भाऊजींवर, की स्वतःच्या या दोन हातांवर. शेवटी तिने जवळ होता तो माणूस धरला. ती पंख्याखाली जाऊन उभी राहिली.

"भाऊजी, उठा."

"अं?" भाऊजींना वाटलं गंमत आहे. "का हो, माझं काही चुकलं का?"

"खुर्ची मांडताना चूक माझी झाली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण खोलीतली चमच्यांची किणकिण थांबली. "ती मी पाहुण्यांसमोर कबूल करते. पण आत्ता बोललात ते तुमचं चुकलं. जिच्यासाठी आपण सगळे जमलोय ती उभी आहे. उठा, तिला बसू द्या."

भाऊजींनी बायकोकडे पाहिलं. नणंद भाताच्या शितांशी खेळत होती. तिने वर न बघताच म्हटलं, "उठा की. सांगतेय ना ती."

भाऊजी उठले. आईने छोटीच्या हातातला ट्रे काढून त्यांच्या हातात दिला आणि छोटीला खांद्याला धरून बसवलं. छोटी खुर्चीच्या कडेवर बसली, पाठ ताठ, हात मांडीवर, कोणी रागवेल अशी. नणंदेने स्वतः ताट वाढून तिच्यापुढे ठेवलं, तर ती ते हातात घ्यायला अर्धवट उठलीच. आईने खांदा दाबला. पलीकडे न्हाव्याच्या बायकोने ग्लास खाली ठेवला, नुसता आवाज झाला, आणि पोरगी पुन्हा उठायला लागली. आईने पुन्हा खांदा दाबला, या वेळी दोन्ही हातांनी, आणि तिचे डोळे भरून आले.

"मागे टेक," ती म्हणाली. "पाठ टेकव आधी."

छोटीने पाठ टेकवली. मैत्रिणी बाकावरून उठून तिच्याभोवती येऊन उभ्या राहिल्या, नवऱ्याने आपली खुर्ची मुकाट्याने उचलून बायकोसाठी लेकीच्या शेजारी आणून ठेवली. आई बसली. तिलाही पाय कसे ठेवावेत ते सुचेना.

भाऊजी ट्रे धरून खोलीच्या मधोमध उभे होते.

"वहिनी, पाणी कुठे ठेवलंय?"

"आत आहे," ती उठली नाही. "शोधा, सापडेल."